काळी रेषा आणि काळा अकू

‘समुराई जॅक’ ही अॅनिमेशन मालिका पाहणाऱ्याच्या ध्यानात प्रथम काय येते, असे कोणी विचारले तर आम्ही सांगू : तीत रेषा नाही. गेन्डी टार्टाकोव्स्की यांनी आधी ‘डेक्सटर्स लॅबोरेटरी’ केली, तिच्यातील प्रत्येक पात्राभोवती जाड काळी किनार होती. बहुतेक व्यंगचित्रपटांत असते तशीच. ऑगस्ट २००१ मध्ये कार्टून नेटवर्कवर अवतरलेल्या या नव्या मालिकेत त्यांनी ती किनार पुसून टाकली. आकृती आता केवळ रंगाच्या पृष्ठांनी उभी राहते. जॅक म्हणजे पांढऱ्या झग्याचे दोन-चार कोन, चौकोनी हनुवटी आणि घट्ट बांधलेला अंबाडा.

मग काळा रंग गेला कुठे? तो अकूमध्ये साठला, असे आम्हांस वाटते. अकू हा या कथेतील दुष्ट शक्तीचा अवतार. ताडमाड उंच, हिरव्या चेहऱ्याचा, भुवयांच्या जागी ज्वाळा असलेला, आणि बाकी सारा काळाकुट्ट. त्याला हवा तो आकार घेता येतो. सर्वांच्या अंगावरून काढून घेतलेली सीमारेषाच जणू एका ठिकाणी गोळा होऊन हलू लागली आहे. आकार देणारी वस्तू स्वतः निराकार झाली की तिचे काय होते, याचे याहून नेमके चित्र आमच्या पाहण्यात नाही.

येथवरचा अर्थ सोपा आहे : पांढरा तो सुव्यवस्थेचा, काळा तो अनागोंदीचा. याच सोपेपणाविरुद्ध आमची तक्रार आहे. पण ती मालिकेविरुद्ध नव्हे, तिच्या रूढ वाचनाविरुद्ध आहे.

अकूचे राज्य पाहा. तिथे गोंधळ आहे का? जॅक भविष्यकाळात फेकला जातो तेव्हा त्याला दिसते ते उडत्या वाहनांनी गजबजलेले नगर. तिथे खाणी आहेत, त्यांत राबणारे बोलके कुत्रे गुलाम म्हणून जुंपलेले आहेत. जॅकच्या डोक्यावर इनाम आहे. हा कारभार आहे, आणि चोख कारभार आहे. पहिल्या पर्वांत प्रत्येक भागाच्या आरंभी कथेचे सूत्र सांगणारा आवाजही अकूचाच असतो (हा आवाज माको यांचा, २००६ मध्ये ते निवर्तले). म्हणजे गोष्टीला क्रम देण्याचे काम अनागोंदीच करते! हुकूमशहाला गोंधळ आवडतो हा भाबडा समज आहे. त्याला आवडते ती स्वतःची व्यवस्था.

‘द बर्थ ऑफ इव्हिल’ या दोन भागांच्या कथेत हे चित्र अधिक गुंतते. आरंभी अवकाशात एक निराकार काळा गोळा असतो. त्याच्याशी ओडिन, रा आणि राम असे तीन देव झुंजतात. त्याचा एक तुकडा निसटून पृथ्वीवर आदळतो, आणि पुढे कित्येक युगे तो काटेरी काळ्या दलदलीसारखा पसरत राहतो. त्याला मन नसते, हेतू नसतो. जॅकचा पिता, म्हणजे तेथील सम्राट, त्याचा नाश करण्यासाठी मंतरलेल्या द्रवात बुडवलेला बाण त्याच्या मध्यभागी मारतो. आणि त्या बाणानेच अकूला देह मिळतो, वाणी मिळते. निराकाराला आकार दिला तो व्यवस्थेच्या रक्षकाने, सद्हेतूने. पुढे पुत्राला जी यातायात करावी लागते, तिचे मूळ पित्याच्या धनुष्यात आहे.

जाता जाता एक नोंद. काळे म्हणजे वाईट हे समीकरण आमच्यासारख्या मराठी प्रेक्षकाला सहज पचत नाही. सावळ्या विठ्ठलाला ‘काळा’ म्हणून लाडाने हाक मारणारी आमची परंपरा. आणि त्या तीन देवांतील राम तर आमच्या कल्पनेत श्यामवर्णच. गोऱ्या रंगाच्या हव्यासाने ग्रासलेल्या समाजात लहान मुले अशी चित्रे पाहतात तेव्हा ही अस्वस्थता बोलून दाखवावी लागते. असो.

मालिकेनेही ही अस्वस्थता ओळखली होती, असे मानायला जागा आहे. चौथ्या पर्वातील निंजाशी झालेल्या द्वंद्वाचा भाग आठवावा. सूर्य मावळतीला आलेला. निंजा सावलीत लपतो, तर पांढऱ्या वस्त्रातला जॅक उजेडात लपतो. पडदा निव्वळ दोन रंगांचा होतो. शुभ्रता इथे पावित्र्याची खूण राहत नाही. ती शस्त्र होते, दडण्याची जागा होते.

२०१७ मध्ये पाचवे आणि अखेरचे पर्व आले, तोवर कथेत पन्नास वर्षे लोटलेली होती. जॅकचे वय वाढत नाही, पण अंबाडा सुटला आहे, दाढी वाढली आहे, पांढरा झगा जाऊन चिलखत आले आहे. तलवारही नाही, क्रोधाच्या भरात निरपराध प्राण्यांवर ती चालवली, तेव्हाच ती त्याने गमावली. आधीच्या बावन्न भागांत त्याने कापली ती प्रामुख्याने यंत्रे. जखमेतून तेल उडत असे. आता प्रथमच त्याच्या हातून माणूस मरतो आणि रक्त दिसते. या क्षणाचा धक्का आम्ही विसरलेलो नाही. इतकी वर्षे तो झगा शुभ्र कसा राहिला, याचा हिशोब तिथे मागितला जातो : समोर यंत्रे होती म्हणून.

ज्यांच्याशी तो लढतो त्या अकूच्या कन्या. त्यांतली आशी बालपणापासून अंगावर बसवलेला काळा थर खरवडून काढते. आम्हांस हा प्रसंग काहीसा ढोबळ वाटला. काळे धुतले की चांगले, हा जुनाच हिशोब तिथे परत येतो. पण शेवट तो मोडून टाकतो. जॅकला भूतकाळात परत नेणारी शक्ती आशीची, म्हणजे रक्ताने अकूचीच. अकूचा अंत होतो, म्हणून ऐन लग्नाच्या वेळी आशीही विरून जाते. सुव्यवस्थेचा हा विजय ज्याच्यामुळे झाला तेच त्याने पुसून टाकले. अनेकांना हा शेवट घाईचा वाटला. घाई आहेच, दहा भागांत फार कोंबले आहे. तरी याहून प्रामाणिक शेवट आम्हांस सुचत नाही.

आशी लहान असताना तिला एक लाल, ठिपक्यांचा किडा दिसला होता आणि तिच्या आईने तो चिरडला होता. पुढे जॅकने तसाच एक किडा हळुवार सोडून दिलेला तिने पाहिला. शेवटी जॅक एकटा झाडाखाली बसतो, तेव्हा तसाच एक किडा त्याच्या हातावर येऊन बसतो. काळ्या-पांढऱ्याच्या या झगड्यात तो इवलासा लाल ठिपका कोणाच्याच बाजूचा नाही.