नाक टोचण्याचा प्रश्न आणि आपला सल्ला

खानदेशातून येऊन डिंडोली, उधना, लिंबायत परिसरात स्थिरावलेल्या आपल्या समाजात लहान मुलीचे नाक टोचणे हा सोनाराच्या दुकानात दोन मिनिटांत उरकणारा कौतुकाचा प्रसंग असतो. तीच मुलगी मोठी होऊन नाकाच्या मधल्या पडद्यात वाळी घालायची म्हणाली, की घरात वादळ उठते. ‘डॉक्टर, तुम्हीच तिला समजवा,’ म्हणून आई तिला दवाखान्यात आणते आणि आपण बहुधा आईचीच री ओढतो. वैद्यकीय दृष्टीने ते नेहमीच बरोबर असते, असे मला वाटत नाही. रागावून परत पाठविलेली मुलगी गुपचूप कोठेतरी टोचून घेते, आणि पू झाल्यावरही घाबरून लपविते.

परंपरेचा आधार येथे फारसा कामाचा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कर्णवेध आहे, कापलेले नाक पुन्हा घडविण्याची शस्त्रक्रिया आहे. नाक टोचणे मात्र नाही. नथ हा अलंकार भारतात गेल्या सुमारे एक हजार वर्षांतलाच, असे भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी साधार मांडले होते. आणि पडद्यातील बुलाक तर गढवाल व नेपाळमधील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घालत आल्या आहेत.

खरा प्रश्न कूर्चेचा आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण आवरणातून होते. रक्ताची गाठ किंवा पू साचून ते आवरण सुटले, तर कूर्चा मरू लागते व नाक खोगिरासारखे खचू शकते. पडद्याच्या पुढच्या टोकाशी, कूर्चेच्या अलीकडे, मऊ पातळ भाग असतो. जाणकाराने तेथेच टोचल्यास जखम साधारण दोन-तीन महिन्यांत भरते. उलट नाकपुडीवर फार उंच टोचलेली साधी चमकी कूर्चेतून जाऊ शकते. दोन डोळ्यांमधील टोचणी केवळ त्वचेत असते. शरीर ती हळूहळू बाहेर ढकलते व व्रण राहतो. ती मी तरी कोणाला सुचविणार नाही.

टोचण्याची बंदूक नाकासाठी नकोच. ती नीट निर्जंतुक होत नाही. सुई नवी, एकदाच वापरायची हवी, कारण कावीळ ‘ब’ व ‘क’ रक्तातून पसरतात. पहिला दागिना टायटॅनियमचा किंवा निकेलविरहित सोन्याचा असावा. हृदयाच्या झडपेचा आजार, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जखमेवर जाड वण येण्याची प्रवृत्ती यांपैकी काही असल्यास आधी डॉक्टरांना सांगावे. जखमेवर हळद-तेल न लावता सलाइनने धुवावे. सैल फिरकी श्वासाबरोबर श्वासनलिकेत गेल्याची उदाहरणे आपल्या देशात नोंदली गेली आहेत. ती रोज तपासावी. नाक ठणकून दोन्ही बाजूंनी बंद झाले, ताप आला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा.

वडील हमखास विचारतात, ‘लग्न ठरताना छिद्र दिसेल का?’ दागिना काढल्यावर नाकपुडीवरची खूण बहुधा राहते. पडद्यातले छिद्र बाहेरून दिसतच नाही.