नवतपा आणि नातवाची गाडी



उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला आणि येताना रिमोटवर चालणारी गाडी घेऊन आला. खेळणं म्हणू नका, तो रागावतो. चांगली हातभर लांब, बॅटरीवर चालणारी, मोटारसायकलला मागे टाकील अशी. पुण्यात सुरळीत चालत होती. इथे गोंदियात, नवतप्याच्या तोंडावर, संध्याकाळी पाच वाजता मैदानावर नेली तर चौथ्या मिनिटाला बंद. थोड्या वेळाने सुरू, परत बंद.

बंद करत होता तो गाडीतला स्पीड कंट्रोलर. बॅटरीची वीज मोटारीला किती द्यायची हे ठरवणारी काडेपेटीएवढी डबी. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे हे सगळं नातवाकडूनच शिकलो. आत इलेक्ट्रॉनिक स्विच असतात, ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. त्यांना स्वतःचा थोडा रोध असतो, म्हणून ते तापतात. आणि प्रवाह दुप्पट झाला तर रोधामुळे होणारी उष्णता चौपट होते. डबी फार तापली की जळण्याआधी स्वतःच थांबते.

मुलाचा फोन आला, "बाबा, मोठा पंखा मागवतो." माझं मत इथे वेगळं पडलं, आणि त्यावरून घरात दोन दिवस वाद झाला.

साधं गणित पाहा. समजा डबी 100 अंशांना बंद पडते. बाहेर 25 अंश असतील तर तापायला 75 अंशांची मोकळीक. आमच्याकडे 45, म्हणजे मोकळीक 55 ची. पाव हिस्सा मे महिन्यानेच खाल्ला! पंखा उष्णता लवकर काढून नेतो हे खरं, पण तो हवेपेक्षा थंड करू शकत नाही. माठ करतो, कारण त्याचं पाणी बाहेर झिरपून उडून जातं. डबीवर पाणी कसं टाकणार? (नातवाने गाडी फ्रिजमध्ये ठेवून पाहिली. बाहेर काढल्यावर थंड सर्किटवर दव धरतं, हे त्याला आजीच्या पाण्याच्या बाटलीवरून समजावलं.)

गोंदिया जंक्शनवर हावडा-मुंबई मार्गाच्या गाड्यांची विजेची इंजिनं उभी असतात, जवळून जाताना ती घुमत असतात. तो आवाज पंख्यांचाच. नव्या इंजिनांत असेच स्विच असतात, फक्त प्रचंड, आणि ते थंड ठेवायला तेल फिरवावं लागतं. म्हणजे पंख्याशी माझं वैर नाही. पण आधी ओझं कमी करा, मग वारा घाला. भर दुपारी नांगराला जुंपलेल्या बैलाला कोणी पंखा घालत नाही, जू काढतात.

ओझं कुठून आलं? खोदून विचारल्यावर साहेबांनी सांगितलं, जास्त वेगासाठी मोटारीवरचं पिनियन दोन दातांनी मोठं बसवलंय. म्हणजे सायकल कायम वरच्या गिअरमध्ये, त्यात मैदानावर वाळलेलं गवत. जुनं छोटं पिनियन परत लावलं. दोन चाकांच्या दातांमध्ये कागदाचा कपटा धरून अंतर ठेवायचं, घट्ट बसले तर तेही ओझंच. गाडीच्या टपाला मागून भोक पाडलं, गरम हवा निघायला. गवत सोडून कडक जमिनीवर आलो, आणि वेळ सकाळी सहाची. पाच मिनिटं पळवायची, दहा मिनिटं सावलीत.

तापमान मोजायला कोरोनातलं कपाळाचं यंत्र काढलं. त्याची धाव माणसाच्या तापापर्यंतच, ते नुसतं 'हाय' दाखवून बसलं :) मग बोट. दोन-तीन सेकंद बोट टेकवता येत नसेल तर थांबायचं.

मुलगा म्हणतो, जास्त अँपिअरचा कंट्रोलर घेऊ. घेतला तर तो कमी तापेल, हे मान्य. पण मग डबी थांबवणार नाही आणि मोटार-बॅटरी तापतच राहतील. मला खरी भीती बॅटरीची आहे. कंट्रोलर जळला तर पैसे जातील. ती लिथियमची बॅटरी फुगली, पेटली तर? गरम असताना चार्जिंगला लावायची नाही, उन्हात गाडीत सोडायची नाही, चार्ज होताना माणूस जवळ हवा, एवढ्यावर मी अडून बसलो. त्यासाठी दुपारची झोपही सोडली.

गाडी आता बंद पडत नव्हती, पण हळू झाली म्हणून नातू दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मलाच उठवायला आला.

जाण्याआधी त्याने मोठं पिनियन परत लावलं. पुण्याच्या पावसाळी हवेत चालेलही. छोटं मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे, पुढच्या मे महिन्यासाठी.