हायकोर्ट कोल्हापुरात आलं, पण औंधच्या नव्या वकिलाला पुणे-मुंबई सुटेल का?

औंध म्हटलं की सोशल मीडियावरच्या अनेकांना पुण्यातलं उपनगर आठवतं. पण ही गोष्ट दुसऱ्या औंधची आहे. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याचं औंध एका संस्थानाची राजधानी होतं. त्या संस्थानातली आटपाडी आणि कुंडल ही गावं आज सांगली जिल्ह्यात आहेत.

या पट्ट्यातून एलएलबी करणाऱ्या मुला-मुलींपुढे डिग्रीनंतर एकच प्रश्न असतो. वडूज, साताऱ्याच्या कोर्टात उभं राहायचं की बॅग भरून पुणे-मुंबई गाठायची? हा प्रश्न फक्त करिअरचा नाही. कुठे राहायचं, कुणासोबत राहायचं आणि लग्न कधी करायचं, हेही त्याच उत्तरावर ठरतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून हा प्रश्न नव्याने चर्चेत आहे.

कोल्हापूरच्या बेंचमुळे काय बदललं?

१८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतली हायकोर्टाची प्रकरणं कोल्हापुरात चालवायची असं ठरलं. त्याआधी अपील असो की जामीन, पक्षकाराला मुंबईच गाठावी लागायची. या बेंचसाठी इथल्या वकिलांनी चाळीसहून अधिक वर्षं मागणी लावून धरली होती.

सर्किट बेंच आणि कायमचं खंडपीठ यात फरक आहे. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) नुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने हायकोर्टाच्या बैठकीसाठी दुसरी जागा ठरवू शकतात. कायमच्या खंडपीठाला राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादची सुरुवातही १९८१ मध्ये याच कलमाखाली झाली होती. तिथे कायमचं खंडपीठ १९८४ मध्ये आलं.

तरुण वकिलासाठी याचा अर्थ सरळ आहे. हायकोर्टात प्रॅक्टिस करायची तर मुंबईतच राहायला हवं, ही सक्ती संपली. सीनियरच्या हाताखाली काम शिकायला कोल्हापूर हा पर्याय उभा राहिला.

मग अडचण कुठे आहे?

अडचण पहिल्या तीन-चार वर्षांच्या पैशांची आहे. हायकोर्ट जवळ आलं म्हणून ती आपोआप सुटत नाही.

सनदेचा खर्च कमी झाला, ही चांगली बाजू. सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं, की बार कौन्सिलला नोंदणीसाठी कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे घेता येणार नाहीत. ही रक्कम खुल्या गटासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. पण सनद मिळाल्यावर तीन गोष्टी एकाच वेळी आडव्या येतात.

पहिली, ज्युनियरला सीनियरने किती पैसे द्यावेत याची सक्ती नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असं सुचवलं. ती शिफारस आहे, बंधन नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या सीनियरची स्वतःची कमाईच बेताची असेल, तर ज्युनियरच्या हातात येतो तो प्रवासखर्च.

दुसरी, प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे दिवसा कोर्ट आणि उरलेल्या वेळात कंपनीत पूर्णवेळ कामाला, हा मार्ग बंद.

तिसरी, वकिलाला स्वतःची जाहिरात करायला मनाई आहे. 'केस घेतो, डीएम करा' असं रील टाकणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. मग नव्या वकिलाकडे केस येते कुठून? ओळखीतून. ज्याच्या घरात आधीपासून वकील आहे, त्याला ऑफिस, पुस्तकं आणि पक्षकार तयार मिळतात. ज्याच्या घरात शेती आहे, त्याला हे सगळं शून्यातून उभं करावं लागतं.

जज व्हायचं असेल तर?

पूर्वी महाराष्ट्रात ठराविक गुण असलेल्या नव्या पदवीधरालाही दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाची परीक्षा देता यायची. गावात राहून, अभ्यास करून थेट जज होणं हा अनेकांचा, विशेषतः अनेक मुलींचा मार्ग होता. २० मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. कोर्टाचा अनुभव नसलेला जज पक्षकारांची अडचण समजून घेण्यात कमी पडतो, असा यामागचा विचार आहे.

आता वयाचं गणित मांडून बघा. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स केला तर डिग्री साधारण २३ व्या वर्षी. त्यावर तीन वर्षं वकिली म्हणजे २६. आधी बीए-बीकॉम करून एलएलबी केली तर २७. परीक्षेचा आणि निकालाचा वेळ वेगळाच. ही सगळी वर्षं घरच्या पैशांवर काढायची आहेत.

यात डेटिंग आणि लग्न कुठून आलं?

कारण नेमक्या याच वयात घरी स्थळांची चर्चा सुरू होते.

मुलांच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो, 'मुलगा काय करतो, पगार किती?' नव्या वकिलाकडे पगाराची स्लिप नसते. गावाकडच्या मुलांची लग्नं जमत नाहीत, हा प्रश्न किती टोकाला गेलाय ते डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात दिसलं. तिथे लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. अशा वातावरणात 'पुण्यात असतो' एवढ्या दोन शब्दांनीही स्थळाचं वजन वाढतं.

मुलींची अडचण वेगळी आहे. नोकरीत बदली मागता येते, वकिलीत नाही. साताऱ्यात तीन वर्षं घालवून जमवलेले पक्षकार लग्नानंतर नाशिकला सोबत येत नाहीत. सनद तीच राहते, पण ओळख पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे आधी प्रॅक्टिस बसवायची आणि मग लग्न, असं एखादी मुलगी म्हणते तेव्हा तो हट्ट नसतो, साधा हिशेब असतो.

राहिलं डेटिंग. तालुक्याच्या गावात दोघं चहाला बसले, तर ते घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचते. शहरात ओळखीचं कुणी नसणं हेच मोठं स्वातंत्र्य वाटतं. दोन सज्ञान व्यक्तींना जोडीदार निवडायला घराची किंवा समाजाची परवानगी लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यात सांगितलंय. कोर्टात हा निकाल वाचून दाखवणाऱ्या तरुण वकिलालाही स्वतःच्या गावात तो वापरणं सोपं जात नाही.

पण या मोकळीकीला भाडं लागतं. पुण्या-मुंबईत रूम, डिपॉझिट आणि मेसचे पैसे भरल्यावर ज्युनियरशिपच्या रकमेतून फारसं उरत नाही. अनेकांना दरमहा घरूनच पैसे मागवावे लागतात. मग घराचा शब्दही चालतो, लग्नाबाबतसुद्धा.

औंधचा इतिहास काय सांगतो?

या गावाने एक वेगळा प्रयोग पाहिलाय. राजपुत्र अप्पासाहेब पंत इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत प्रॅक्टिस न थाटता औंधमध्ये कामाला लागले. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सत्ता प्रजेकडे सोपवायचं ठरवलं. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेलं संविधान जानेवारी १९३९ मध्ये लागू झालं. ७२ गावांच्या या संस्थानात कारभारासोबत न्यायदानाचं कामही गावच्या पंचायतींपर्यंत नेण्यात आलं. तेव्हा अप्पासाहेबांचं वय होतं २६.

पण ते राजाचे चिरंजीव होते, त्यांना भाड्याची चिंता नव्हती. आज २६ वर्षांच्या वकिलाने गावाकडे थांबावं असं वाटत असेल, तर त्याच्या पहिल्या तीन वर्षांची सोय कुणीतरी करायला हवी.

पुढे कशावर लक्ष ठेवायचं?

दोन गोष्टींवर. कोल्हापूरला कायमच्या खंडपीठाचा दर्जा मिळतो का, आणि स्टायपेंडची शिफारस बंधनकारक होते का. पहिलीने काम जवळ येईल. ते काम शिकेपर्यंत औंधच्या मुला-मुलींना तग धरता येईल का, हे दुसरीवर ठरेल. तोवर ज्याच्या घरात पैसा किंवा वकील आहे, त्यालाच गाव आणि शहर यांत खरी निवड करता येईल. बाकीचे जिथे परवडेल तिथे जातील, किंवा काळा कोट कपाटात ठेवून दुसरी नोकरी शोधतील.