लोडरच्या पायाखाली फळी

गेल्या वर्षी राखीपौर्णिमेला आम्ही उभयता ग्वाल्हेरला गेलो होतो. माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन तिकडे गेली त्याला चाळीस वर्षे झाली. लष्कर भागातल्या नया बाजारात त्यांचा जुना वाडा आहे. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ टाकला. तो तळ उठलाच नाही, त्याचेच शहर झाले आणि नावही लष्करच राहिले. तात्पुरती म्हणून मांडलेली गोष्ट कायमची कशी होते, त्याचा हा नमुना. अक्काच्या चौकातही अशीच एक ‘तात्पुरती’ गोष्ट उभी होती. तिचीच हकीकत आज सांगायची आहे.

माझा भाचा ट्रॅक्टर चालवतो. जुनी घरे पाडली की गल्लीतला राडारोडा उचलायचा, हा त्याचा धंदा. अरुंद गल्लीत मोठे मशीन शिरत नाही, म्हणून त्याने ट्रॅक्टरलाच पुढे लोडर बसवून घेतला आहे. भरणे झाले की लोडर सोडून ठेवायचा आणि मोकळ्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून लांबच्या खेपा करायच्या. सोडलेला लोडर बकेटवर आणि मागच्या दोन लोखंडी पायांवर उभा राहतो. आम्ही पोहोचलो त्या दिवशी तो चौकात, फरशी संपून माती लागते तिथे उभा होता.

अक्काचा सहा वर्षांचा नातू त्याच्या बकेटमध्ये पाय सोडून बसला होता. आमच्या सौभाग्यवतीचे माहेर गोकाककडचे. तिने पाहताक्षणी हाक दिली, “हुषार!” तुम्हां-आम्हांला अर्थ ठाऊक आहे. कन्नडात हुषार म्हणजे सांभाळून, जपून. मूळ फारसी शब्द एकच, पण आपल्याकडे येऊन तो शाबासकीचा झाला. पोरगा खूश होऊन आजीकडे धावला, “मामीआजी मला हुशार म्हणाली!” सगळे हसले. मीही हसलो.

पण मंडळी, मी शेतकरी माणूस. लोडरच्या डाव्या पायात पिनेच्या जागी सळईचा तुकडा घातलेला मला दिसला होता. भोकही झिजून लांबट झाले होते. पहिल्याच दिवशी पाहुण्याने उणे काढू नये, म्हणून मी गप्प बसलो. बायको बोलली, मी नाही बोललो.

रात्रभर पाऊस झाला. पहाटे धाडकन आवाज झाला म्हणून बाहेर आलो. उजवा पाय चार बोटे मातीत रुतला होता. भार डावीकडे आल्याने सळई वाकून निसटली होती आणि अख्खा लोडर ओट्यावर कलंडला होता. बकेटच्या कोपऱ्याने ओट्याच्या दगडाचा टवका उडाला होता. आदल्या संध्याकाळी नातू पाय सोडून बसला होता, तीच ती जागा. कुणी काही बोलले नाही. आत चुलीवर अक्काचा चहा उतू गेला, तरी कुणी उठले नाही.

मग भाचा म्हणाला, “मामा, पिन हरवली होती. चालतंय म्हणून सोडून दिलं.” मी म्हटले, “मला कालच दिसलं होतं रे.” यावर त्याने माझ्याकडे पाहिले ते मला अजून आठवते.

तो दिवस दुरुस्तीत गेला. मिस्त्री जाणता होता. त्याने आधी वेल्डिंग मशीनला हात लावला नाही. चेन ब्लॉकने लोडर उचलून लाकडी ओंडक्यांवर भक्कम बसवला, मगच पाय सोडवले. भार अंगावर असलेल्या पायाला कधीही वेल्डिंग करायचे नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा अर्थिंगचा. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट सिलिंडरमधून किंवा बेअरिंगमधून जाऊन ती खराब होतात. तेलाचे होज पाईप बाजूला बांधून त्यांवर ओले पोते टाकायचे.

मला वाटले होते, जाड पाईप घातला की झाले. मिस्त्री म्हणाला, पाय मधे मोडत नाही, तो सांध्यात वाकतो आणि तळाशी रुततो. म्हणून त्याने सांध्याला त्रिकोणी पट्ट्या जोडल्या. दोन्ही पाय फाकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये आडवी पट्टी दिली. झिजलेले भोक मोठे करून त्यात नवा बुश बसवला, मापाची पिन घातली आणि ती हरवू नये म्हणून साखळीने बांधली. पाईपच्या खालच्या टोकाला एक बारीक भोक ठेवले, कारण आत साचलेले पाणी पाईप आतून खाते आणि ते बाहेरून दिसत नाही. वर रेड ऑक्साइड आणि रंग.

रुतण्याचे गणित सोपे आहे. जुन्या पायाचा तळ आठ सेंटिमीटर चौरस, म्हणजे 64 चौरस सेंटिमीटर. त्याखाली तीस सेंटिमीटर चौरस जाड फळी ठेवली तर क्षेत्र 900 होते. भार तोच, पण मातीवरचा दाब जवळजवळ चौदा पट कमी. वीट मात्र ठेवू नका, ती फुटते.

लोडर सोडण्याचीही रीत आहे. जागा सपाट हवी. बकेट जमिनीवर टेकवून पाय खाली घ्यावेत, पिना पूर्ण बसल्या का ते हाताने चाचपावे. इंजिन बंद करून लोडरचे दांडे दोन-चार वेळा पुढे-मागे हलवावेत, म्हणजे पाईपातला दाब निघून जातो. नाहीतर उन्हात तेल फुगते आणि दुसऱ्या दिवशी कपलिंग बसता बसत नाही. कपलिंगला टोपण घालावे, उघड्या राहिलेल्या पिस्टनच्या दांड्यांना ग्रीस लावावे. पुन्हा जोडताना ट्रॅक्टर सावकाश आणि सरळ आणावा. पाय बहुधा त्या धक्क्यानेच वाकतात. त्या वेळी ट्रॅक्टर आणि लोडर यांच्यामध्ये कुणीही उभे राहू नये. काम करताना वर घेतलेले पायही पिनेने अडकवावेत, लोंबते ठेवू नयेत.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे लोडर आहे? पण उसाची ट्रॉली तर आहे ना! हंगामात ट्रॅक्टर सोडून भरली ट्रॉली आपण कशावर उभी करतो? सापडेल त्या दगडावर. मी स्वतः वर्षानुवर्षे तेच केले. परत आल्यावर पहिले काम केले ते ट्रॉलीच्या स्टँडला पट्ट्या मारून घेतल्या आणि दोन बाभळीच्या फळ्या ट्रॉलीलाच साखळीने बांधून टाकल्या. चाकांना लावायच्या ओंडक्यांचेही तसेच.

चालत्या यंत्राकडे सगळ्यांचे लक्ष असते. काम थांबल्यावर सगळे जेवायला जातात, पोरे खेळायला येतात, आणि नेमका तेव्हा स्टँडवर भार असतो. आणि वाचकहो, दुसऱ्याच्या अंगणात असे काही दिसले तर पाहुणा म्हणून गप्प राहू नका. वाईटपणा घ्या, पण बोला.

परवा अक्काचा फोन आला होता. मागून नातू ओरडत होता, “मामीआजीला सांग, मी आता बकेटमध्ये बसत नाही. मी हुषार आहे, तिच्यावाला!”