स्वयंपाकघराला मळखाऊ रंग नको



घरात रंगकाम निघाले की बैठकीच्या खोलीच्या रंगावर चार दिवस वाद चालतो, पण स्वयंपाकघरापाशी आल्यावर सगळ्यांचे लगेच एकमत होते: "तिथे मळखाऊ रंग द्या." पेंटर तेच सांगतो, शेजारीण तेच सांगते, घरातल्या मोठ्या बायकाही तेच सांगतात. फोडणीचे तेल उडते, हळदीचे हात लागतात, कुकरची वाफ बसते. चॉकलेटी, शेवाळी किंवा हल्ली सगळीकडे दिसणारा गडद राखाडी दिला की चार-पाच वर्षे भिंतीकडे बघायला नको. हात आखडता असेल तर हा सल्ला आणखीच पटतो, कारण पुन्हा रंग देण्याचा खर्च लवकर परवडणार नसतो.

माझे मत याच्या अगदी उलट आहे. आपल्या घरात स्वयंपाकघराला मळ दाखवणारा रंग हवा. बाकीच्या खोल्यांना आवडेल तो रंग द्या, पण जिथे चूल पेटते, पाणी गाळले जाते आणि धान्य साठवले जाते, तिथली भिंत फिकटच असावी.

आधी 'मळखाऊ' हा शब्दच बघा. रंग मळ खात नाही, फक्त लपवतो. गडद भिंतीवर बसलेला तेलाचा थर दिसत नाही म्हणून पुसला जात नाही. पुसला जात नाही म्हणून तो जाड होतो, त्यावर धूळ चिकटते, हात लावला की ओशट लागते. हाच ओशटपणा आणि त्यात अडकलेले अन्नाचे कण झुरळांचे खाद्य. मग एके दिवशी ओट्याखालून झुरळांची रांग निघते आणि घरात फवारणीची बाटली येते. एरवी मुंगीला पाय लागू नये म्हणून जपणारी आपली माणसे त्या दिवशी नाइलाजाने दार लावून फवारा मारतात आणि सकाळी सुपलीत भरून मेलेले जीव बाहेर टाकतात. त्या हिंसेची सुरुवात फवाऱ्यापाशी झालेली नसते. जिथे दिसायला हवे होते तिथे दिसेनासे झाले, तिथेच ती झालेली असते. यत्नाचार म्हणजे जीव झाल्यावर हळहळणे नव्हे, जीवोत्पत्ती होणारच नाही अशी काळजी आधी घेणे. आणि काळजी घ्यायची तर आधी दिसायला हवे.

भिंतीच्या ओलीचेही तसेच. सिंकच्या वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पाइपाजवळ भिंत पाणी धरते आणि बुरशी येते. बुरशीत अनंत निगोदिया जीव असतात, हे आपण पाठशाळेत शिकलो आहोत. फिकट भिंतीवर ओलीचा पहिला पिवळट डाग उमटतो तेव्हाच प्लंबरला बोलावता येते, खिडकी उघडी ठेवता येते. गडद भिंतीवर तो डाग कळतो तोपर्यंत बुरशी पसरलेली असते, आणि मग ती खरवडण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

आता धर्माचे मुख्य कारण. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत. त्यात वचनगुप्ती आणि मनोगुप्तीसारख्या मोठ्या गोष्टींच्या बरोबरीने 'आलोकितपानभोजन' येते, म्हणजे खाणेपिणे उजेडात, नीट पाहून घेणे. रात्रीभोजनत्यागाकडे आपण फक्त घड्याळाचा नियम म्हणून बघतो. पण त्याचा गाभा 'पाहून घेणे' हा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी जेवण आटपायचे म्हटले तर सव्वापाचच्या सुमारास जेवण संपलेले हवे. म्हणजे भाजी चिरणे, पाले निवडणे हे सगळे उतरत्या उन्हात. त्या वेळी भिंतीचा रंग किती उजेड परत देतो याला फार महत्त्व येते. पांढरट रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ७० ते ८० टक्के परत देतो. कोळशासारखा गडद राखाडी १० टक्केसुद्धा देत नाही. खिडकी तीच, सूर्य तोच, पण एका स्वयंपाकघरात मेथीच्या पानामागची अळी दिसते आणि दुसऱ्यात चार वाजताच दिवा लावावा लागतो.

ज्यांच्या घरी महाराजांसाठी चौका लागतो त्यांना हे वेगळे सांगायला नको. आहारात केस किंवा जीव निघाला तर अंतराय होतो आणि महाराज त्या दिवशी पुढे आहार घेत नाहीत. द्रव्यशुद्धीइतकीच क्षेत्रशुद्धी महत्त्वाची म्हणतात ती यासाठीच.

एक गैरसमजही दूर करते. पांढरा रंग म्हणजे शुक्ल लेश्या, म्हणून भिंत पांढरी असावी, असे कोणी सांगितले तर मला ते पटत नाही. लेश्या आत्म्याच्या परिणामांची असते, चुन्याच्या भिंतीची नसते. पांढऱ्या स्वयंपाकघरातही कृष्ण लेश्येची भांडणे होतात! काळा रंग अशुभ म्हणूनही मी नको म्हणत नाही. आपल्या पंचरंगी ध्वजात सर्वात गडद पट्टा साधू परमेष्ठींचा आहे. कोणताच रंग पापी नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या रंगावर चालणारा जीव मला दिसतो की नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे: "भिंत फिकट केली की पुसायला लागणार कोणाला? आम्हालाच." नोकरी, मुले, सासू-सासऱ्यांची औषधे यांतून वेळ काढून रोज भिंत कोण घासणार? माझे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा, की सगळी भिंत रोज मळत नाही. शेगडीमागचा तीन-चार फुटांचा पट्टा आणि स्विचबोर्डाची जागा, एवढेच मळते. तिथे टाइल्स नसतील तर तेवढ्याच भागाला धुता येणारा, थोडा चमक असलेला रंग द्या. फोडणी झाल्यावर भिंत कोमट असतानाच ओल्या फडक्याने पुसली तर साबण लागत नाही आणि पाणीही वाटीभर पुरते. दुसरा भाग असा, की लपलेला मळ फक्त बाईला माहीत असतो, दिसणारा मळ घरातल्या सगळ्यांना दिसतो. तो दिसला की फडके मुलाच्या आणि नवऱ्याच्या हातात द्यायला संकोच वाटू देऊ नका. अहिंसेचे व्रत घरातल्या एकट्या बाईने घेतलेले नसते. आणि एखाद्या दिवशी पाहुणे आले आणि भिंतीवर हळदीचा शिंतोडा दिसला, तर दिसू द्या. ती रोज स्वयंपाक होणाऱ्या घराची भिंत आहे.

'फिकट' म्हणजे दवाखान्यासारखा पांढराशुभ्रच असेही नाही. शुभ्र रंग ट्यूबलाइटखाली निळसर दिसतो आणि डोळ्यांवर येतो. खिडकी उत्तरेला असेल तर उजेड थंड असतो, तिथे लोण्याचा रंग, फिकट बदामी किंवा मोतिया शोभतो. पश्चिमेचे ऊन थेट आत येत असेल तर अगदी हलका पिस्ता किंवा आकाशी डोळ्यांना बरा वाटतो. छत मात्र पांढरेच ठेवा. उजेड वाढवण्याचा त्याहून स्वस्त उपाय नाही.

शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावरून रंग ठरवू नका. सर्वात लहान डबा आणून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन हात मारा, वाळल्यावर तो ओट्यामागे उभा करा आणि संध्याकाळी पाच वाजता दिवा न लावता बघा. मग पुठ्ठा आडवा करून त्यावर मोहरीचे चार दाणे आणि ओव्याचे चार दाणे टाका आणि दोन पावले मागे या. मोहरी म्हणजे काळी मुंगी, ओवा म्हणजे धान्यातली कीड असे समजा. दोन्ही दिसले तर रंग पास.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा धरा: आधी कपाटांची आतली बाजू आणि सिंकखालची जागा, मग छत, मग भिंती, सर्वात शेवटी कपाटांची बाहेरून दिसणारी दारे. आपण नेमके उलटे करतो. दारांना नवा रंग देतो आणि आत अंधार तसाच ठेवतो. झुरळ, कसर, किडे राहतात ते आत. कडाप्प्याच्या खणांमागची भिंत आणि प्लायच्या कपाटाचा आतला भाग पांढरट ऑइलपेंटने रंगवला की डबा उचलताक्षणी सगळे दिसते. खणात वर्तमानपत्र अंथरू नका, त्याखालीच जीव लपतात. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा असेल तर तो बदलण्याच्या खर्चात पडू नका. शेगडी पेटवण्याआधी मऊ फडके हलकेच फिरवायचे आणि धान्य पांढऱ्या ताटात निवडायचे, एवढे पुरते. जांभळाच्या झाडाची आणि सहा माणसांची गोष्ट आपण मुलांना सांगतो ना? एकाला फळांसाठी झाड मुळासकट हवे असते, शेवटचा खाली पडलेली फळे वेचतो. सगळ्या टाइल्स फोडून, ओटा उखडून नवे 'मॉड्युलर' करण्याआधी ती गोष्ट एकदा आठवावी.

हिशेबही घरीच करता येतो. स्वयंपाकघर ८ बाय १० फुटांचे आणि उंची १० फूट धरली तर चारी भिंती मिळून ३६० चौरस फूट होतात. दार, खिडकी, टाइल्स आणि कपाटांची जागा वजा केली की साधारण २६० उरतात, छताचे ८० मिळवले की ३४०. चांगला प्लास्टिक पेंट दोन हातांसाठी लिटरला ढोबळमानाने १२० ते १४० चौरस फूट पुरतो, म्हणजे सगळे मिळून तीन लिटरच्या आत काम होते. डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण ओल्या फडक्याने वारंवार पुसला तर उतरतो. म्हणून शेगडीच्या भिंतीला तो नको. पैसे वाचवायचे तर पूर्वतयारीत वाचवू नका. ओशट भिंतीवर लांबी धरत नाही. आधी कोमट पाणी आणि धुण्याच्या सोड्याने भिंत पुसून पूर्ण वाळू द्या.

पेंटरशी बोलताना दोन गोष्टी आपल्याकडून विचारायच्या. पहिली, ब्रश कशाचा आहे? जुन्या पद्धतीचे बरेच ब्रश डुकराच्या केसांचे असतात. नायलॉनचे ब्रश आणि कृत्रिम धाग्याचे रोलर दुकानात सहज मिळतात, ते आपणच आणून द्यावेत. दुसरी, चुना किंवा कोरडा डिस्टेंपर भिजवताना त्यात सरस घालणार का? सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. त्याऐवजी झाडाचा डिंक चालतो.

वेळ निवडताना दिवाळीचा हट्ट सोडावा असे मला वाटते. दिवाळीआधी भिंतींत पावसाची ओल असते, चातुर्मास चालू असतो आणि जीवजंतूही भरपूर असतात. माघ-फाल्गुनात भिंती कोरड्या असतात, आणि अक्षय तृतीयेला आहारदानाची तयारी करेपर्यंत रंगाचा वासही गेलेला असतो. काम सुरू करण्याच्या दोन दिवस आधी कपाटे रिकामी करा, म्हणजे आतले जीव आपणहून निघून जातात. लांबी भरण्याआधी भिंतीच्या भोकांत मुंग्या आहेत का, वर कुंभारमाशीचे मातीचे घर आहे का, हे स्वतः बघा. आणि काम सूर्यास्ताला थांबवा. रात्री मोठा दिवा लावून ऑइलपेंट मारला तर सकाळी ओल्या रंगात चिकटलेली चिलटे आणि पाखरे दिसतात. पेंटरला हे आधी सांगितले तर तो एक दिवस जास्त धरून मजुरी ठरवतो. रंगाच्या दर्जात तडजोड करा, पण हा एक दिवस वाचवू नका.

तुमच्या घरी यंदा रंगकाम निघणार असेल तर पेंटर मळखाऊ शेडचे कार्ड पुढे करीलच. त्याला शांतपणे सांगा, "भाऊ, मुंगी दिसेल असा रंग दाखवा." तो हसेल. हसू द्या, पण कार्ड बदलून घ्या.