थट्टेचे इमान

ज्याच्यावर आपला जीव असतो त्याचीच आपण थट्टा करतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. जावयाची थट्टा, विहिणीची थट्टा, पुणेकरांनी मुंबईकरांची आणि मुंबईकरांनी पुणेकरांची केलेली थट्टा, एवढी वजा केली तर दिवाळीच्या फराळाला बोलायचे तरी काय?

या थट्टेला हल्ली मोबाइलचा पडदा मिळाला आहे. आमचा एक पुतण्या एकलहऱ्यास राहतो. नाशिकरोडपासून जवळचे, औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यांवरून दुरून ओळखू येणारे हे गाव. तेथे राहून हा पठ्ठ्या भक्त झाला आहे तो ‘मुंबई सिटी’ या व्यावसायिक फुटबॉल क्लबाचा! पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, संध्याकाळी अंधेरीच्या मैदानात घसा फोडायचा आणि रात्रीच्या मिळेल त्या गाडीने परतायचे, असा त्याचा नेम. उरल्या वेळात तो क्लबाच्या नावाने गमतीच्या घोषणा लिहून प्रसिद्ध करतो. पानाच्या माथ्यावर ‘हे केवळ विडंबन’ अशी ठळक पाटी असते.

नमुना पाहा. बचावफळीने एका सामन्यात हाय खाल्ली, तेव्हा त्याने जाहीर केले : ‘गोलच्या खांबाशी करार तीन वर्षांनी वाढविण्यात येत आहे. बचावात तेवढाच एक जण जागेवर असतो.’ जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम करारमदाराच्या घोळात अडकून स्थगित झाला. खेळाडूंच्या पोटावर पाय येण्याची ती वेळ. त्या दिवसांतली त्याची घोषणा अशी : ‘आनंदाची वार्ता. या हंगामात आपला क्लब अद्याप अपराजित आहे.’ मी हसलो. पण त्या हसण्यात कढ होता, हेही जाणवले.

मी त्याला विचारले, “अरे, २०२०–२१ साली साखळीतले पहिले स्थान आणि करंडक दोन्ही पटकावलेला तुझा क्लब. त्याची अशी टर का उडवतोस?”

तो म्हणाला, “काका, हरल्यावर शिव्या तर कोणीही देतो. थट्टा करायला सगळे सामने बघावे लागतात.”

मराठीच्या मास्तराला यापेक्षा वेगळे काय सांगायचे असते? १९२५ साली ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली आणि त्या काळच्या कवींच्या लकबी चव्हाट्यावर आणल्या. शाळेत पाठ केलेले ‘आजीचे घड्याळ’ त्याच केशवकुमारांचे! ज्याला सरळ कविता जमते त्यालाच ती वाकडी करता येते. मूळ वृत्त कानात मुरलेले नसेल तर विडंबन होत नाही, नुसती वाकुली होते.

पण गेल्या वर्षी एकलहऱ्यास एक प्रकार घडला. पुतण्याने लिहिले, ‘मुंबई सिटीची खेळाडू निवड चाचणी, रविवारी सकाळी सहा वाजता, एकलहरे मैदान. आधार कार्ड व दोन फोटो आणावेत. निवड झालेल्यास मानधन दोन वडापाव. गोल केल्यास तिसरा.’ कोणा महाभागाने वडापावाची ओळ आणि माथ्यावरची पाटी कापली व उरलेला मजकूर गावोगाव पाठवून दिला. रविवारी धुक्यात पाच पोरे मैदानावर हजर! एकाच्या पायात थोरल्या भावाचे बूट. पुढे कापूस कोंबलेला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले दोन फोटो.

पुतण्याला कोणीतरी उठवून नेले. त्याने पोरांना खरे सांगितले. कापूसवाला काही बोलला नाही. फोटो पुन्हा पिशवीत ठेवले आणि विचारले, “मग खरी चाचणी कधी असते?”

पुतण्याने दुपारपर्यंत त्यांच्याबरोबर चेंडू खेळला, सर्वांना वडापाव चारले. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्यापाशी नव्हते. तेव्हापासून तो विनोद वेगळ्या ओळीत ठेवीत नाही. पहिल्याच वाक्यात असा विणतो की कात्री लावली तर वाक्यच फाटावे.

एकलहऱ्यात घडले ते मोठ्या जगातही घडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरवर आठ डॉलरला निळी खूण विकत मिळू लागली. तेव्हा एकाने एली लिली या औषध कंपनीच्या नावाने ‘इन्सुलिन आता फुकट’ असे जाहीर केले. अमेरिकेतल्या इन्सुलिनच्या किमतीवरचा तो टोमणा होता, आणि तो जिव्हारी लागणाराही होता. दिशाभूल झालेल्यांची माफी कंपनीला मागावी लागली. पण क्षणभर विश्वास ठेवणाऱ्या मधुमेही रुग्णाचे काय? विडंबनात ऐकणाऱ्याला डाव ठाऊक असतो. बनावात तोच डावाला लागतो. थट्टेचे इमान म्हणतात ते एवढेच.

म्हणून मुलांची ही पाने बंद करावीत, असे मात्र मी म्हणणार नाही. पुण्याचेच पाहा. २०१४ साली ‘एफसी पुणे सिटी’ हा क्लब निघाला. पहिल्याच हंगामात, १८ ऑक्टोबरला, मुंबईने त्याला पाच-शून्य असे हरवले. २०१७–१८ मध्ये तो उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि २०१९ साली बंद झाला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. त्याचा खेळ, त्याचे चाहते, त्याच्यावरचे विनोद, सारेच थांबले.

पुतण्या सांगत होता, “शाळेत असताना त्या पाच गोलांवरून मी पुण्याच्या आत्येभावाला छळ छळ छळले, काका. तो ताटावरून उठून जायचा. आता विषय काढला तर नुसता हसतो आणि चकली पुढे करतो.”