पोस्टग्रेसचा हट्ट कशासाठी?

घरच्या मीडिया सर्व्हरवर पोस्टर उमटायला जरा वेळ लागला, की जाणकार मंडळींचं निदान तयार असतं: एसक्यूलाइट हे खेळणं आहे, खरा डेटाबेस म्हणजे पोस्टग्रेस. हे निदान रोग्याची नाडी न पाहताच केलेलं असतं.

मुळात सिनेमा डेटाबेसमध्ये नसतोच. तिथे असतात नावं, सालं, कलावंत आणि कोणी कुठपर्यंत पाहिलं याच्या नोंदी. चित्र अडखळतं ते बहुधा ट्रान्सकोडिंगमुळे किंवा वायफायमुळे. इंजिन बदलून त्यात तसूभर फरक पडणार नाही.

‘एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो’ हा आक्षेप मात्र खरा आहे. पण 2010 साली आलेल्या वॉल (राइट-अहेड लॉगिंग) पद्धतीत लिहिणं चालू असतानाही वाचणारे अडत नाहीत. आणि घरात लिहितं कोण? लायब्ररी स्कॅन आणि चार जणांची ‘पाहून झालं’ची नोंद. मोठ्या स्कॅनमध्ये डेटाबेस लॉक झाल्याच्या तक्रारी येतात, हे नाकारत नाही. पण तिथे लिखाणाचे व्यवहार आटोपशीर ठेवणं हे सॉफ्टवेअरचं काम आहे. जेलीफिन या मीडिया सर्व्हरने 2025च्या 10.11 आवृत्तीत डेटाबेसचा जुना कोड ईएफ कोअर या डेटाबेस-फ्रेमवर्कवर नेला. दुसरं इंजिन जोडण्याची वाट त्यामुळे सोपी झाली, तरी मूळ इंजिन एसक्यूलाइटच राहिलं.

खरा घात होतो तो डेटाबेसची फाइल नॅसच्या नेटवर्क शेअरवर ठेवल्याने. वॉलला सगळ्या प्रक्रिया एकाच यंत्रावर लागतात. नेटवर्कवरच्या लॉकचा तर भरवसाच नसतो. फाइल सर्व्हरच्याच एसएसडीवर ठेवा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतील.

उलट पोस्टग्रेस घरी आणलं की त्याची उस्तवारही आली. मोठी आवृत्ती बदलली की जुनी डेटा डिरेक्टरी नवा सर्व्हर थेट उघडत नाही. आधी डेटा स्थलांतरित करावा लागतो. डॉकरमध्ये ‘लेटेस्ट’ टॅग लावून निवांत बसणाऱ्यांना हे नेमकं रविवारी संध्याकाळी कळतं, सगळे टीव्हीसमोर जमलेले असताना! एसक्यूलाइटचा बॅकअप म्हणजे सर्व्हर थांबवून डेटा फोल्डर कॉपी करणं.

सर्व्हर डेटाबेस योग्य ठरतो तो कोडी या मीडिया प्लेअरसाठी. तिथे प्रत्येक उपकरण स्वतःची लायब्ररी स्वतःपाशी ठेवतं. हॉलमध्ये अर्धवट सोडलेला सिनेमा आतल्या खोलीत तिथूनच पुढे पाहायचा असेल, तर मारियाडीबी जोडण्याची सोय कोडीत आहे आणि ती जरूर वापरावी. फक्त सगळीकडे कोडीची मोठी आवृत्ती एकच ठेवावी. जेलीफिन किंवा प्लेक्स चालवणाऱ्यांनी मात्र इंजिन बदलायला निघण्याआधी डेटाबेसची फाइल कोणत्या डिस्कवर आहे, ते बघावं.